वारशाने आलेल्या लष्करी बंदुका : ओळख, कालनिर्णय आणि मूल्यमापन

मराठवाड्यातील जुन्या देशमुख, पाटील आणि जमादार घराण्यांच्या वाड्यांतून एखादी लांब नळीची बंदूक दिवाणखान्याच्या भिंतीवर अथवा माळ्यावरील पेटीत अद्यापि आढळते. घरातील वडीलधारी माणसे तिच्याविषयी एक ठरलेली हकीकत सांगतात. कोणाच्या घरी ती खर्ड्याच्या रणांगणावरून आलेली असते, कोणाच्या घरी सत्तावनच्या उठावातील असते, तर कोणाच्या घरी हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांकडून हस्तगत केलेली असते. पुढे घराच्या वाटण्या होतात, वाडा पाडला जातो, आणि ही वस्तू कोणी घ्यावी व तिचे काय करावे, असा प्रश्न वारसांपुढे उभा राहतो. त्या वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो किमतीचा. वस्तुतः तो शेवटचा प्रश्न आहे. बंदूक कोणती हे ठरल्यावाचून तिचे मूल्य ठरत नाही, आणि ती घरात ठेवणे विधियुक्त आहे की नाही हे ठरल्यावाचून त्या मूल्याला काही अर्थ राहत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला या विषयात आणखी एक स्वारस्य आहे. सनदा, वतनपत्रे आणि मोडी दप्तरे ही साधने म्हणून जपावयास आपण शिकलो. परंतु शस्त्र हेही एक साधन आहे, आणि त्यावरील मजकूर वाचण्याची एक रीत आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. बंदुकीचा प्रत्येक भाग एकाच काळचा असतो असे नाही. नळी एका पिढीची, कळ दुसऱ्या पिढीची आणि दस्ता तिसऱ्या पिढीचा, असे वारंवार घडते. म्हणून बंदुकीला एकच सन चिकटविण्यापेक्षा तिच्यावरील कालाचे थर वेगळे करून पाहणे, हाच तिच्या ओळखीचा आणि मूल्यमापनाचा खरा मार्ग होय.

१. ही शस्त्रे येथे कशी आली

ज्या प्रदेशाची राजधानी काही काळ औरंगाबाद होती (२०२३ पासून शहर व जिल्हा यांचे नाव छत्रपती संभाजीनगर), तो प्रदेश सतराव्या शतकापासून सैन्यांच्या वाटेवर होता. शहरातील कर्णपुरा हा भाग बिकानेरच्या राजा कर्णसिंहाच्या नावाने ओळखला जातो. असे मोगल मनसबदार आपापल्या पथकांसह येथे वर्षानुवर्षे राहिले. त्यांच्या पायदळाची बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. पेटत्या जामगीचे टोक रंजकाला लावून ती उडविली जाई.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कवाइती पलटणींचे युग आले. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजाम व मराठे यांची गाठ पडली, तेव्हा निजामाकडे रेमंडचे आणि शिंद्यांकडे पेराँच्या हाताखालील कवाइती पायदळ होते. रेमंडने हैदराबादेस तोफा व बंदुका बनविण्याचा कारखाना चालविला. शहरातील गन फाउंड्री या वस्तीच्या नावात त्याची आठवण उरली आहे. शिंद्यांसाठी आग्र्याला सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर हेच काम पाहत असे, आणि त्याची बंदूक सुमारे दहा रुपयांत पडे, असे वृत्तान्तांत नोंदले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंद्यांच्या याच पलटणी वेलस्लीच्या फौजेशी लढल्या. तात्पर्य, युरोपीय धाटणीची म्हणून युरोपात बनलेली, असा निष्कर्ष येथे लागू पडत नाही.

एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई अशा ठिकाणी होत्या. १९०३ साली हे दल भारतीय सैन्यात विलीन झाले. अशा छावण्यांच्या आसपास जुनी, बाद झालेली शस्त्रे मागे राहत. शिवाय शिलेदारी पद्धतीत घोडा व हत्यार स्वाराचे स्वतःचे असे; बारगिराला मात्र ते सरकारातून मिळे. म्हणून शिलेदाराच्या वंशजांकडील बंदुकीवर सरकारी मुद्रा नसणे हे संशयाचे कारण ठरत नाही. उलट तेच स्वाभाविक आहे. १८७८ चा इंग्रजी शस्त्रकायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. यामुळे येथील शस्त्रांचा कागदोपत्री इतिहास पुणे किंवा नगर जिल्ह्यांतील शस्त्रांहून वेगळ्या दप्तरांत, आणि पुष्कळदा उर्दू भाषेत, शोधावा लागतो.

२. हाताळण्यापूर्वी

ठासणीची जुनी बंदूक भरलेली असू शकते. शिकारीहून परतलेल्या माणसाने बार तसाच ठेवून बंदूक खुंटीला लावली आणि पुढे तिला कोणी हात लावला नाही, असे घडू शकते. काळी दारू कोरडी राहिल्यास शंभर वर्षांनंतरही पेट घेते. यास्तव नळी कोणत्याही माणसाकडे रोखली जाणार नाही अशा रीतीने बंदूक ठेवावी, घोडा ओढू नये आणि चापाला स्पर्श करू नये. लाकडी काठी नळीत हलकेच सोडून ती किती आत जाते हे मोजावे आणि तेवढेच माप नळीच्या बाहेरून धरावे. काठी कानाच्या पुष्कळ अलीकडे थांबत असेल, तर आत काही तरी आहे असे समजून बंदूक जाणकाराच्या स्वाधीन करावी. बार स्वतः उकरून काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि बंदूक उडवून पाहण्याचा विचार तर मनातही आणू नये.

दुसरे पथ्य घासण्याचे. विटकर, चिंच, लिंबू, काचकागद यांनी लोखंड चकचकीत करण्याची हौस पुष्कळांना असते. त्यात मुद्रा, अक्षरे आणि पृष्ठभागाचा मूळ रंग नाहीसा होतो. पुढे येणारा बहुतेक विवेचनाचा आधार याच खुणांवर असल्यामुळे एका दिवसाच्या साफसफाईने शंभर वर्षांचा पुरावा पुसला जातो. मऊ कोरड्या फडक्याने धूळ झाडणे आणि बंदूक ओल नसलेल्या जागी ठेवणे, एवढेच घरी करावे.

३. कळ आणि नळी

ओळखीचा आरंभ कळीपासून करावा. कळ म्हणजे बार पेटविणारी यंत्रणा. तिच्या रचनेवरून बंदुकीचा वर्ग ठरतो.

तोड्याच्या बंदुकीत जामगी धरणारा एक वाकडा चिमटा असतो आणि नळीच्या बाजूला रंजकाची लहान वाटी असते. नळी लांब व जड असून ती पुष्कळदा चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेने दस्त्याला बांधलेली असते. हा प्रकार देशी कारागिरांनी एकोणिसाव्या शतकातही बनविला. म्हणून केवळ तोडा दिसला एवढ्यावरून बंदूक शिवकालीन ठरत नाही.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा असतो आणि तो पोलादी पाटीवर आपटून ठिणगी पाडतो. इंग्रजी कंपनीच्या नमुन्याची जी चकमकी बंदूक भारतात सर्वत्र पसरली, तिची नळी सुमारे ३९ इंच म्हणजे ९९ सेंटिमीटर लांब आणि आतून ०.७५ इंच म्हणजे १९ मिलिमीटर व्यासाची असते. तिची नळी आडव्या बारीक खिळ्यांनी दस्त्यात बसविलेली असते. फ्रेंच धाटणीच्या बंदुकीत हेच काम धातूच्या कड्या करतात, आणि तिच्या नळीचा व्यास ०.६९ इंचाच्या आसपास असतो. रेमंडच्या पलटणींचा विचार करताना हा भेद उपयोगी पडतो.

१८४० च्या सुमारास केपाची बंदूक आली. तिच्यात गारेऐवजी ताब्यांची लहान टोपी एका पोकळ खुंटीवर बसविलेली असे आणि घोडा तिच्यावर आपटे. या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध बंदूक म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच म्हणजे १४.७ मिलिमीटर, आत तीन आटे, बाहेर तीन कड्या, आणि एकंदर लांबी सुमारे १४० सेंटिमीटर. हिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली असंतोष भडकला.

येथे एक सापळा आहे. १८५७ नंतर देशी पलटणींना आट्यांची बंदूक देऊ नये असे धोरण ठरले आणि त्यांच्यासाठी १८५८ व १८५९ चे नमुने काढण्यात आले. बाहेरून त्या एनफील्डसारख्याच दिसतात, परंतु त्यांची नळी आतून गुळगुळीत असून व्यास ०.६५६ इंच म्हणजे १६.७ मिलिमीटर असतो. लांब पल्ल्यावर नेम धरण्याची उघडझाप होणारी पाटीही त्यांच्यावर नसते. तिच्या जागी साधी खाच असते. घरात जिला ‘रायफल’ म्हणतात ती पुष्कळदा हीच बंदूक असते, आणि आटेच नसल्यामुळे ती रायफल नव्हे. तथापि मराठवाड्याच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचे महत्त्व कमी नाही. आपल्याच शिपायावरचा सत्तेचा अविश्वास तिच्या नळीत मिलिमीटरांत मोजता येतो.

काडतुसी बंदुकांत प्रथम स्नायडर येते. १८६६ पासून जुन्या एनफील्ड बंदुकांच्या नळीचा मागचा भाग कापून तेथे उजवीकडे उघडणारे झाकण बसविण्यात आले. घोडा आणि कळीची पाटी पूर्वीचीच राहिली. नंतर १८७१ ची मार्टिनी-हेन्री. हिला बाहेर घोडा नसतो आणि चापामागील लांब दांडा खाली ओढला की मागचा ठोकळा उघडतो. शेवटी खटक्याने मागेपुढे होणाऱ्या दांड्याची ०.३०३ इंची ली-एनफील्ड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी पलटणींना साधारणपणे गोऱ्या पलटणींहून एक पिढी मागचे शस्त्र दिले जाई. त्यामुळे बंदूक कधी बनली आणि मराठवाड्यात कधी आली, या दोन तारखांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते.

४. मुद्रा आणि अंक

कळीच्या पाटीवर, नळीच्या मागच्या भागावर आणि दस्त्यावर उमटविलेल्या खुणा पेन्सिलीने पातळ कागदावर उतरवून घ्याव्यात. नुसत्या डोळ्यांनी न दिसणारी अक्षरे अशा ठशात पुष्कळदा उमटतात.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर प्रथम कंपनीची चौभागी बदामी मुद्रा असे. १८०८ च्या सुमारास तिच्या जागी मुकुट धरून मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. इंग्रज सरकारच्या शस्त्रांवर मुकुटाखाली राजाची आद्याक्षरे असतात. व्हिक्टोरियाची ‘व्ही. आर.’ १९०१ पर्यंत, एडवर्डची ‘ई. आर.’ १९१० पर्यंत. ‘जी. आर.’ या अक्षरांबाबत मात्र सावध राहावे. ती अठराव्या शतकातील जॉर्ज राजांची असू शकतात, तशीच १९१० नंतरच्या जॉर्ज राजांचीही असू शकतात. कळ चकमकीची की दांड्याची, यावरून हा निर्णय लागतो. कलकत्त्याजवळील इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या बंदुकांवर ‘जी. आर. आय.’ अशी तीन अक्षरे आढळतात. बाणाच्या फळासारखी खूण सरकारी मालकी दर्शविते, तिच्याखाली ‘आय’ असल्यास हिंदुस्थान सरकारची. आणि दोन बाण टोकाला टोक लावून उमटविले असल्यास ती वस्तू सरकारी सेवेतून विकली गेली, असा अर्थ होतो. वारसाच्या दृष्टीने ही शेवटची खूण फार मोलाची आहे, कारण शस्त्र चोरीचे नसून रीतसर बाहेर पडले, याची ती साक्ष देते. ‘डी. पी.’ ही अक्षरे केवळ कवाइतीसाठी राखलेल्या, उडविण्यास अयोग्य ठरविलेल्या बंदुकीवर असतात.

खोट्या मुद्राही आहेत. वायव्य सरहद्दीवरील कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला केल्या. परंतु अक्षरओळख नसल्यामुळे त्यांच्यावर काही अक्षरे उलटी उमटली किंवा शब्दांचे वर्णलेखन चुकले. मुकुट वाकडा, अक्षरांची उंची असमान आणि सन अशक्य असा दिसला, तर नक्कल समजावी.

दस्त्यावर उर्दू अंकांत सन कोरलेला असल्यास तो कोणत्या गणनेतील हे पाहणे अगत्याचे आहे. निजाम संस्थानात हिजरी आणि फसली या दोन्ही गणना प्रचलित होत्या. १३५० हा आकडा हिजरी मानला तर इ. स. १९३१-३२ येते, दक्षिणी फसली मानला तर १९४०-४१. फसली सनात ५९० अथवा ५९१ मिळविले की इसवी सन मिळतो.

देवनागरी लेखांचेही एक उद्बोधक उदाहरण आहे. कर्णसिंहाचा पुत्र अनुपसिंह याने अदोनीच्या विजयात मिळविलेल्या शस्त्रांवर ठिपक्यांच्या अक्षरांत तसा लेख कोरविला आणि त्यात विक्रम संवत १७४६, म्हणजे इ. स. १६८९, ही मिती नोंदविली. बिकानेरच्या सिलेखान्यातून बाहेर पडलेली ही शस्त्रे त्या एका ओळीमुळे आज जगभर ओळखली जातात. तशाच घडणीची, पण लेख नसलेली शस्त्रे अनामिक राहिली आहेत.

५. कुटुंबकथेची परीक्षा

आता आरंभी सांगितलेल्या तीन हकीकतींकडे वळता येईल. कथा खरी की खोटी, असा एकच प्रश्न विचारणे योग्य नव्हे. कथेतील कोणता भाग लोखंडाशी जुळतो, असा प्रश्न विचारावा.

खर्ड्याची म्हणून दाखविलेली बंदूक केपाची असेल, तर ती कळ १७९५ ची असणे अशक्य आहे. परंतु एवढ्यावर कथा फेटाळणे ही घाई होईल. चकमकीच्या पुष्कळ बंदुका पुढे केपाच्या करून घेण्यात आल्या. तसे झाले असल्यास कळीच्या पाटीवर बुजविलेली भोके दिसतात; रंजकाची वाटी आणि ठिणगीच्या पाटीची कमान तेथे पूर्वी बसविलेली असते. नळीचा व्यास आणि ती बसविण्याची रीत अठराव्या शतकाशी जुळत असेल, तर नळी खर्ड्याला असणे शक्य आहे, सिद्ध मात्र नाही. सिद्धतेसाठी कागद लागतो.

सत्तावनच्या कथेची परीक्षा अधिक कठीण आहे. औरंगाबादेस जून १८५७ मध्ये कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्यात उठाव झाला आणि जनरल वुडबर्नच्या फौजेने तो दडपला. क्रांती चौकातील काळा चबुतरा त्या प्रसंगाशी जोडला जातो. साहजिकच या परिसरातील अनेक घराणी आपल्या शस्त्राचा संबंध त्या घटनेशी लावतात. कळीच्या पाटीवर ‘१८५७’ हा आकडा दिसला की शंका उरतच नाही, असे त्यांना वाटते. परंतु तो सन कळ बनल्याचा आहे, आणि विलायतेत त्या वर्षी बनलेली कळ त्याच वर्षीच्या जूनमध्ये येथे पोहोचून वापरात येणे दुरापास्त होते. शिवाय उठावाच्या वेळी बहुतेक देशी पलटणींच्या हाती जुनी गुळगुळीत नळीची बंदूकच होती. एनफील्ड केवळ शिकवणीच्या केंद्रांपर्यंत पोहोचली होती. आणि त्याच पाटीमागे उजवीकडे उघडणारे झाकण असेल, तर ती बंदूक १८६६ नंतर स्नायडर झालेली आहे, हे निश्चित. पाटीवरील सन अशा रीतीने केवळ पूर्वमर्यादा सांगतो. उत्तरमर्यादा सर्वांत शेवटी बदललेला भाग सांगतो.

तिसरी हकीकत १९४८ ची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यास शरण आले. त्या धामधुमीत ठासणीच्या बंदुकीपासून ०.३०३ पर्यंत सर्व पिढ्यांची शस्त्रे एकाच वेळी वापरात असू शकत होती. म्हणून येथे बंदुकीची जुनाट घडण कथेविरुद्ध जात नाही, आणि बाजूनेही जात नाही. या बाबतीत कुटुंबातील कागद, गावातील दुसऱ्या घराण्यांची साक्ष आणि शासकीय दप्तर यांवरच भिस्त ठेवावी लागते.

६. कायद्याची बाजू

बंदूक शंभर वर्षांची आहे एवढ्यावरून ती परवान्यातून सुटते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ जुनाट घडणीच्या, पुराणवस्तुमूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट देते. पण ते शस्त्र दुरुस्तीने अथवा दुरुस्तीवाचून अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट तेथे आहे. म्हणजे कसोटी वयाची नसून उपयोगक्षमतेची आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने केलेल्या दुरुस्तीनुसार ‘क्युरिओ’ या वर्गातील लघुशस्त्रे मिळविण्यास व बाळगण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. परंतु ती वापरण्यास, घेऊन फिरण्यास किंवा वाहून नेण्यास लागतो. विशिष्ट बंदूक या वर्गात बसते की नाही, याचा निर्णय घरच्या माणसाने स्वतः करू नये. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी हे परवाना अधिकारी असून त्यांच्याकडून तो लेखी घ्यावा.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यावी आणि वारस म्हणून स्वतंत्र अर्ज करावा. २०१६ च्या शस्त्र नियमांत त्याची तरतूद आहे. ०.३०३ व्यासाची दांड्याची बंदूक आणि इशापूरला तिच्यावरूनच तयार केलेली ०.४१० ची पहारेकऱ्यांची बंदूक या दोन्ही निषिद्ध वर्गात मोडतात; त्यांचा प्रश्न सामान्य परवान्याने सुटत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये अधिनियम दुरुस्त होऊन एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि तिसरे शस्त्र एका वर्षात जमा करणे आवश्यक झाले. अशा वेळी निरुपयोगी म्हणून जुनीच बंदूक प्रथम देऊन टाकण्याचा मोह होतो. कायद्याचे पालन झालेच पाहिजे. परंतु तत्पूर्वी नोंद झाली नाही, तर एक ऐतिहासिक साधन नाव-गावावाचून सरकारी कोठारात जाते. नळी बुजविणे किंवा कळ तोडणे यांविषयीही हेच म्हणता येईल. जे कृत्य बंदुकीला निरुपद्रवी करते तेच तिचा पुरावा नष्ट करते. म्हणून कोणताही बदल सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने आणि संपूर्ण नोंदीनंतरच व्हावा.

७. मूल्य कशाचे?

बाजारभाव पाच गोष्टींवर अवलंबून असतो : अस्सलपणा, भागांची पूर्णता, मूळ पृष्ठभागाची स्थिती, दुर्मिळता आणि कागदोपत्री पूर्वेतिहास. लोक वयाला सर्वाधिक महत्त्व देतात. परंतु वयाचा क्रम या पाचांनंतर लागतो. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड बंदुका सुमारे १५ लाख बनल्या. त्यांतील एखादी, भाग बदललेली व घासून पांढरी केलेली, दीडशे वर्षांची असली तरी सामान्यच राहते. उलट एखाद्या स्थानिक कारागिराची नाव कोरलेली तोड्याची बंदूक वयाने लहान असूनही अधिक मोलाची ठरते.

परदेशी लिलावांतील आकडे पाहून किंमत ठरविणे ही दुसरी चूक. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूची निर्यात खाजगी व्यक्तीस करता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. ज्या बाजारात वस्तू नेताच येत नाही, त्या बाजारातील भाव तिला लागू होत नाही. तो बाजारही स्थिर नसतो. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील सुमारे ५० हजार जुन्या बंदुका अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. त्यांत इंग्रजी चकमकी बंदुका, मार्टिनी-हेन्री आणि नेपाळात बनलेल्या गहेन्द्र बंदुकाही होत्या. तोवर दुर्मिळ मानलेले प्रकार एकाएकी विपुल झाले. देशातही बंदूक कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीलाच विकता येते, म्हणून ग्राहकांचा परीघ लहान असतो. या सर्व कारणांनी घरात ऐकलेला मोठा आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारी रक्कम यांत बहुधा फार अंतर पडते.

मात्र बाजारभाव कमी म्हणजे मूल्य कमी असे नव्हे. जिच्याबरोबर सनद, जुना उर्दू परवाना, नोकरीचा कागद आणि तीन पिढ्यांची सुसंगत माहिती टिकून आहे, अशी सामान्य बंदूक संग्रहालयाला व संशोधकाला अनामिक सुंदर शस्त्राहून अधिक हवी असते. हे मूल्य वाटणीत फार लवकर नाहीसे होते. बंदूक एका भावाकडे आणि कागद दुसऱ्याकडे गेला, की दोघांच्याही हाती अर्धीच वस्तू उरते. वाटणी करताना वस्तू व तिचे कागद एकत्र ठेवणे हे कुटुंबाच्या हातात असलेले सर्वांत मोठे संरक्षण आहे.

८. नोंदीची रीत

प्रत्येक बंदुकीसाठी एक पत्रक करावे. त्यात एकूण लांबी, नळीची लांबी, तोंडाशी मोजलेला आतील व्यास मिलिमीटरांत, आटे असल्यास त्यांची संख्या, कळीचा प्रकार, नळी बसविण्याची रीत, सर्व मुद्रांचे ठसे आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे असावीत. बुजविलेली भोके, जोड, बदललेले स्क्रू यांची वेगळी नोंद घ्यावी, कारण थर तेथेच उघड होतात. त्याखाली कुटुंबातील हकीकत सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्याने ती कोणाकडून ऐकली यासह, लिहावी. हकीकत आणि निरीक्षण एकमेकांत मिसळू नयेत. शेवटी पूर्वमर्यादा आणि उत्तरमर्यादा अशा दोन तारखा द्याव्यात. एकच तारीख देण्याचा आग्रह धरू नये. बंदूक विद्यार्थ्याने ताब्यात घेऊ नये किंवा विभागात आणू नये. नोंद मालकाच्या घरी, त्याच्या संमतीने आणि कायदेशीर स्थिती स्पष्ट झाल्यावर करावी.

तुलनेसाठी हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथील शस्त्रसंग्रह पाहता येतात. संस्थानी कागदपत्रांसाठी हैदराबादचे राज्य अभिलेखागार आणि मराठेशाहीसाठी पुण्याचे पेशवे दप्तर आहे. प्रत्येक तालुक्यात दहा-बारा पत्रके जरी काळजीपूर्वक भरली गेली, तरी कोणत्या छावणीभोवती कोणत्या पिढीची शस्त्रे राहिली, शिलेदारांची किती आणि सरकारी किती, याविषयी आज केवळ तर्काने बोलले जाते ते पुराव्याने बोलता येईल. ज्यांच्या घरी ही शस्त्रे आहेत त्यांतील हकीकत सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. लोखंड आणखी काही काळ टिकेल. त्याला जोडलेली माहिती मात्र तिच्याबरोबरच जाईल, म्हणून नोंदीचे काम प्रथम हाती घेणे इष्ट होय.